कारभारी कुठाय?

आमच्या स्टुडिओची खोली आठ बाय सहाची आहे. तीन भिंतींना फोम, चौथीत काच आणि काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखा बंद. मे महिन्यात दर अर्ध्या तासाने दार उघडून बाहेर यायचं, घाम पुसायचा, दोन घोट कोमट पाणी प्यायचं आणि परत आत जायचं. पान उलटताना बोलायचं नाही, कागदाची सळसळ शब्दांवर चढते. वाक्य पुरं करायचं, थांबायचं, कोपरा धरून पान अलगद उलटायचं, मग पुढे. या खोलीत मी गेली १८ वर्षं अंध वाचकांसाठी मराठी पुस्तकं वाचते आहे. त्याआधी आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते. त्यामुळे आवाज लावणं, श्वास चोरणं, 'प' आणि 'फ' माइकवर फुटू न देणं हे सगळं येत होतं. पात्र म्हणजे काय हे मात्र येत नव्हतं. ते मला मिरजेहून आलेल्या एका फोनने शिकवलं.

तेव्हा मी नुकतीच 'बनगरवाडी' वाचून संपवली होती. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळ्या वयाचा मास्तर शाळा चालवायला येतो, एवढीच म्हटली तर गोष्ट. पण वाडीचा म्हातारा कारभारी, चोऱ्यामाऱ्या करणारा आणि तरी मास्तरला जीव लावणारा आनंदा रामोशी, शेकू, अंजी अशी माणसं त्यात भेटतात आणि पुस्तक मिटल्यावरही घरात वावरत राहतात. मी प्रत्येकाला वेगळा आवाज दिला होता. कारभाऱ्याला खर्जातला, थोडा कापरा, वाक्याच्या शेवटी धाप लागल्यासारखा. स्टुडिओत सगळ्यांना तो फार आवडला. बाईमाणूस बोलतंय असं वाटतच नाही, असं एकजण म्हणाले, तेव्हा मला धन्य वाटलं होतं.

फोनवरचे गृहस्थ टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, जन्मापासून अंध. आधी त्यांनी मनापासून आभार मानले. मग म्हणाले, "ताई, तुम्ही म्हातारा झकास काढलात. पण कारभारी कुठाय?"

मला कळेना. मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे तो बोलायला लागला की मला म्हातारपण ऐकू येतं. त्याला काय वाटतंय ते ऐकू येत नाही. तीस-बत्तीस वर्षं मी माणसं नुसत्या आवाजावरनं ओळखली. 'जरा सोलापूर जोडून द्या' एवढ्यावरनं कळायचं, यांच्या घरात कुणी गेलंय का नातू झालाय. माणसाचं वय कुणी ऐकत नाही, ताई. त्याची नड ऐकतात."

त्या रात्री मी माझीच फाइल पुन्हा लावली. अंजी मास्तरकडून चोळी शिवून मागवते, त्यावरून वाडीत कुजबुज होते आणि कारभारी मास्तरशी बोलणं टाकतो, तो भाग. मी तो रागाने वाचला होता. कापऱ्या आवाजात केलेला राग. पुस्तक उघडून त्याच ओळी डोळ्यांनी सावकाश वाचल्या तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. या पोरगेल्या मास्तरला वाडीत पाय रोवायला ज्याने मदत केली, ज्याला त्याचा लळा लागला, तो म्हातारा दुखावलेला आहे. दुखावलोय असं म्हणण्याची त्याची रीत नाही. धनगरवाडीच्या कारभाऱ्याला ते शोभत नाही. म्हणून तो गप्प बसतो, तोंड फिरवतो. राग ही वरची घोंगडी आहे, तिच्याखाली माया आहे. मी घोंगडी तेवढी वाचली होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं होत गेलं आहे. पात्र लक्षात राहतं ते त्याच्या रूपामुळे, लकबीमुळे किंवा त्याच्या अंगच्या गुणांमुळे नाही. त्याला काहीतरी हवं असतं आणि ते त्याला सरळ मागता येत नाही, म्हणून ते लक्षात राहतं. मागता का येत नाही, ते लेखकाला पक्कं ठाऊक असावं लागतं. कधी मान आड येतो, कधी लाज, कधी भीती; कधी आपल्याला काय हवंय हेच त्या माणसाला उमगलेलं नसतं. पण जे हवंय आणि जे तोंडातून निघतंय त्यांच्यामध्ये फट हवी. वाचणाऱ्याचा जीव त्या फटीत अडकतो.

माझी एक वही आहे, तिला आम्ही पात्रवही म्हणतो. पुस्तक हातात घेतलं की त्यातली माणसं त्या वहीत उतरवायची, म्हणजे चार महिन्यांनी तेच पात्र परत आलं तर आवाज भलताच लागत नाही. श्री. ना. पेंडशांचं 'तुंबाडचे खोत' (१९८७) दोन खंडांचं, चार पिढ्यांचं. असं पुस्तक वाचायला घेतलं की वहीशिवाय धडगत नसते. आधी या वहीत चार रकाने होते: नाव, वय, गाव, आवाज. मिरजेच्या फोननंतर मी 'आवाज' हा रकाना काटला आणि त्या जागी दोन लिहिले: 'काय हवंय' आणि 'काय बोलत नाही'. हे रकाने भरल्याशिवाय मी सहसा माइकसमोर बसत नाही.

त्यासाठी पुस्तक शेवटपर्यंत आधी वाचावं लागतं. हे सांगायला सोपं आहे. कामाचा ओघ वाढला की वाचक सरळ पहिलं पान उघडून रेकॉर्डिंग सुरू करतात, आणि ओघ वाढला तो चांगल्या कारणाने. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. अंध व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तक आणायला लेखक-प्रकाशकाची परवानगी लागेनाशी झाली. पुढे २०१४ साली अंधांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश ठरला. कायद्यातल्या या दुरुस्तीआधी एकेका परवानगीसाठी पत्रं पाठवून वाट बघत बसावं लागे. कायदा बदलल्यावर याद्या लांबल्या, आणि मीही एकदा घाईत ती चूक केली.

नाटक होतं विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ साली 'रंगायन'ने ते केलं, अरविंद देशपांडे दिग्दर्शक होते आणि लीला बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. मी ते तरुणपणी पाहिलेलं होतं, म्हणून पुन्हा वाचायची गरज वाटली नाही. पहिला अंक घेतला. बेणारेबाई त्या रिकाम्या सभागृहात येतात, मोकळेपणाने बोलतात, गुणगुणतात, शाळेतल्या आपल्या शिस्तीचं, घंटेआधी पोचण्याचं कौतुक सांगतात. मी त्या अवखळ, आनंदी, थोड्या आगाऊ बाईसारख्या वाचल्या. तिसऱ्या अंकात त्यांचं ते दीर्घ स्वगत आलं आणि माझा आवाज लागेचना. दोन टेक झाले, तीन झाले. रेकॉर्डिस्ट काचेतून बघत होता. शेवटी त्यानेच इंटरकॉमवर विचारलं, "ही तीच बाई आहे ना?"

त्याचा प्रश्न रास्त होता. मी पहिल्या अंकात जी बाई उभी केली होती ती तिसऱ्या अंकापर्यंत पोचूच शकली नसती. बेणारेबाई नाटकाच्या आरंभीच गरोदर आहेत. ज्याचं हे मूल आहे तो दामले येणार नाही, हेही त्यांना आतून जाणवतंय. नोकरी टांगणीला आहे. त्यांना एका माणसाचा आधार हवाय, पोटातल्या जिवासाठी हवाय. आणि सभोवती जी मंडळी आहेत त्यांच्यापैकी एकालाही हे सांगता येण्यासारखं नाही. म्हणून त्या हसताहेत. शाळेच्या घंटेचं कौतुक सांगताना त्या आपल्या पायाखालची जमीन चाचपून बघताहेत, अजून आहे ना म्हणून. हे ध्यानात घेऊन मी पहिला अंक पुसून नव्याने वाचला. शब्द तेच, वेगही जवळजवळ तोच. फक्त काही ठिकाणी हसू वाक्याच्या आधी संपतं आणि काही ठिकाणी वाक्य संपल्यावरही थोडं ताणलेलं राहतं. स्वगत मग एका टेकमध्ये झालं. ते झाल्यावर मी आणि रेकॉर्डिस्ट दोघंही काही वेळ बोललो नाही.

लकबींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नवे लेखक तिथेच फसतात. पात्राला एक पालुपद दिलं, चष्मा सारखा वर सरकवायला लावला, बोलण्यात एखादी बोली घातली की ते जिवंत होतं असा समज आहे. माझ्यासमोर अशी कितीतरी पुस्तकं येऊन गेली. पहिल्या प्रकरणात लकबीची गंमत वाटते, पाचव्यात कंटाळा येतो, दहाव्यात मी ती लकब जिभेवरून पटकन उतरवायला बघते. मग 'कोसला'चं काय, असं कुणी विचारेल. भालचंद्र नेमाड्यांचा पांडुरंग सांगवीकर १९६३पासून आपल्यात आहे आणि त्याचं 'वगैरे', त्याचं 'उदाहरणार्थ' मराठी तरुणांच्या पिढ्यांनी उचललं. मीही वाचायला बसले तेव्हा पहिली काही प्रकरणं ते 'वगैरे' छान ठसक्यात म्हटलं. नंतर मनी येते. त्याची धाकटी बहीण, देवी येऊन मरते ती. त्या पानांपर्यंत पोचल्यावर मला कळलं की 'वगैरे' ही त्याची लकब नाही, ते त्याने पुढे धरलेलं फडकं आहे. जी गोष्ट खुपते तिच्यापुढे 'वगैरे' लावलं की ती जरा लांब जाते. मनीच्या बाबतीत ते फडकं पुरत नाही. तो भाग वाचताना घशात आवंढा येतो, आणि माइक आवंढाही टिपतो. आम्ही तो ठेवला. काढायला नको असं रेकॉर्डिस्टचंही मत पडलं.

लकबीच्या मागे माणसाची काही निकड असेल तर लकब त्याची होते. नसेल तर ती रंगपेटीतला रंग आहे, कुणाच्याही तोंडाला लावावा.

याच्या उलट अनुभव एका जाडजूड कादंबरीचा. नाव सांगत नाही. लेखकाने मेहनत घेतली होती आणि त्याचा हेतू चांगला होता. नायक हुशार, प्रामाणिक, गरिबीतून वर आलेला, आईवर प्रेम करणारा, अन्यायाविरुद्ध उभा राहणारा. साडेतीनशे पानं मी एकदाही न अडखळता वाचली. रोजच्या दीडपट पानं व्हायची. रेकॉर्डिस्ट खूश होता. मी मात्र घरी जाऊन विचार करायची, की आपण अडखळत का नाही? पात्रवही काढली तेव्हा उत्तर सापडलं. 'काय हवंय' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'न्याय'. 'काय बोलत नाही' हा रकाना कोरा होता. त्याला जे वाटे ते तो बोले आणि जे बोले तेच त्याला वाटे. त्याचं प्रत्येक वाक्य वाचण्याची एकच तऱ्हा होती. कसोटी म्हणून ही गोष्ट मला फार उपयोगी पडली आहे. पात्राचं एखादं साधं वाक्य घ्यावं, "बसा, चहा टाकते" इतकं साधं, आणि मोठ्याने तीन तऱ्हांनी म्हणून बघावं. तिन्ही तऱ्हा त्या माणसाला शोभल्या आणि यातली खरी कुठली असा प्रश्न पडला, तर तो माणूस जिवंत आहे. एकच तऱ्हा शक्य असेल तर ते पात्र नाही, पाटी आहे.

कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'मधला गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकर १९७० साली रंगमंचावर आला तेव्हा तो डॉ. श्रीराम लागूंचा होता. पुढे दत्ता भटांनी केला, सतीश दुभाषींनी केला. ज्यांनी दोन-तीन जणांचे प्रयोग पाहिले ते आजही त्यावरून वाद घालतात, आणि प्रत्येकाला आपलाच अप्पा खरा वाटतो. संहिता एकच. वाद होऊ शकतो कारण बेलवलकरांना काय हवंय हे एका शब्दात सांगता येत नाही. मुलांच्या घरात त्यांना छप्पर हवंय की प्रेक्षागृह? या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक नटाने आपापलं दिलं. लेखकाने ते देऊन ठेवलं असतं तर एक प्रयोग बघून पुरे झालं असतं.

एक शंका मला बरेच दिवस छळत होती. नाव लोकांच्या तोंडी बसणं म्हणजेच पात्र अजरामर होणं का? राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. आज शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला, तरी ३१ डिसेंबरच्या रात्री पोलिसांनी गाड्या अडवल्या की दुसऱ्या दिवशीच्या मराठी पेपरात 'तळीरामांवर कारवाई' असा मथळा असतोच. गडकऱ्यांनी नाव दिलेल्या एका दारुड्याचं सामान्यनाम झालं. हा मान मराठीत फार थोड्या पात्रांना मिळालाय. पण नाटक वाचताना तळीराम मला सोपा गेला. सुधाकर अवघड गेला. वकील माणूस, भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही महिन्यांसाठी जाते, आणि त्या अपमानाच्या जखमेवर दारूचा पहिला पेला येतो. त्याला दारू नकोच आहे, त्याला ते कोर्टातले क्षण पुसून टाकायचे आहेत, आणि हे तो बायकोला, सिंधूला, सांगू शकत नाही. तळीरामाचं नाव भाषेत राहिलं. सुधाकरचं नाव कुणी शिवीसारखंही वापरत नाही. पण श्रोते फोन करतात ते सुधाकरबद्दल. बायकोला एकदा जवळ बसवून नीट सांगितलं असतं तर, असं एका बाईंनी मला तळमळून विचारलं होतं. त्यांच्या घरात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही.

श्रोत्यांचे फोन ही या कामातली खरी मिळकत. आमच्या फाइली डेझी पद्धतीच्या असतात. त्यात ऐकणाऱ्याला प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते, हव्या त्या जागी खूण ठेवता येते. ओळखीच्या श्रोत्यांना मी मुद्दाम विचारते, खूण कुठे ठेवलीत? इतक्या वर्षांत नाकाडोळ्यांच्या वर्णनापाशी खूण ठेवलेली मला कुणी सांगितली नाही. खुणा असतात त्या पात्र बोलता बोलता थांबतं तिथे. पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा घ्या. सगळं आयुष्य तिरकस बोलण्यात काढलेला हा रत्नागिरीचा म्हातारा शेवटाकडे गेलेल्या बायकोच्या आठवणीपाशी येतो. कोल्हापूरच्या एका विद्यार्थ्याने मला सांगितलं, की खूण तिथे आहे. हशाच्या जागा त्याला पाठच होत्या, त्यांना खुणेची गरज नव्हती.

आणि अंध शाळेतल्या अकरावीच्या एका मुलीने 'बनगरवाडी' ऐकून विचारलेला प्रश्न अजून माझ्याजवळ आहे. "अंजीच्या मनात काय होतं ते मास्तरला कळलं का?" मी म्हटलं, गोष्ट मास्तर सांगतोय, अंजी त्याला बाहेरूनच दिसते. ती म्हणाली, "म्हणूनच मला तिची काळजी वाटते." कागदावरच्या एका पोरीची, जिला तिने पाहिलेलं नाही आणि जिच्याबद्दल लेखकानेही मोजकंच सांगितलंय, तिची काळजी. लेखकाने अंजीचं मन उलगडून मांडलं असतं तर या मुलीला विचारायला काही उरलं नसतं. जे सांगायचं राहिलं त्यात तिने स्वतःला घातलं.

'बनगरवाडी' मी दुसऱ्यांदा रेकॉर्ड केली. रविवारी जायचे, कारण त्या दिवशी स्टुडिओ रिकामा असतो. रेकॉर्डिस्टही पदरचा वेळ देऊन आला. या खेपेला कारभारी माझ्याच आवाजात बोलला. खर्ज नाही, कापरेपणा नाही. वहीत त्याच्या नावापुढे लिहिलेल्या दोन ओळी समोर ठेवून मी वाचत होते. बोलणं टाकल्याचा भाग आला तेव्हा आवाज चढला नाही, उलट खाली गेला आणि दोन शब्दांच्या मध्ये थांबला.

ती फाइल मिरजेला पाठवली. आठवड्याने फोन आला. आवाज कसा झाला याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. "त्या मास्तरला एवढं कसं कळू नये? पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यापाशी जाऊन बसायला नको का त्यानं?" अशी सुरुवात करून अर्धा तास ते कारभाऱ्याची बाजू मांडत राहिले, आणि मी मास्तरची. शेजारच्या घरातलं भांडण असावं तसे आम्ही बोलत होतो.

आमच्या यादीत अजून शेकडो मराठी कादंबऱ्या आणि नाटकं वाचायची राहिली आहेत, वाचणारे मात्र थोडे आहेत. तुम्हाला मोठ्याने वाचायची आवड असेल तर आपल्या गावातल्या अंध शाळेत, वाचनालयात चौकशी करा. आठवड्याचे दोन तास पुरतात. आवाज काढता आला नाही तरी चालेल, पुस्तक मात्र शेवटपर्यंत वाचून या.